वंदनाचा एकच फोन

वंदना आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक गादी, एक शेगडी आणि दोन मोबाईल होते. दोन कशाला, हे नंतर कळलं. भावानं एक नंबर ब्लॉक केला की ती दुसऱ्यावरून लावायची.

नवीन जालन्यात स्टेशनच्या मागं आमच्या खोल्यांची एक ओळ आहे. रोलिंग मिलमधून निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर ओट्यावर असतो. भिंती पातळ आहेत. कान न देताही शेजारचं कळतं.

वंदनाचं वय पस्तिशीच्या आतलं. माहेर शहागडचं. लग्न झालं होतं, टिकलं नाही. बियाण्याच्या एका कंपनीत ग्रेडिंगला जायची. टेबलावर बी पसरायचं आणि फुटकं, डागी, पोचट दाणा वेचून बाजूला काढायचा. दिवसभर मान खाली. कामाला ती चोख होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून माणूस तिला नाटकी समजेल. ओळीतल्या लोकांनी तसंच समजलं होतं.

पहिल्या आठवड्यातच ती माझ्या बायकोला, चतुराबाईला, आई म्हणायला लागली. पाणी भरून द्यायची, पाय चेपायची. एका संध्याकाळी आमच्याकडं पाहुणे होते. वंदनानं हाक मारली ती चतुराबाईला ऐकू आली नाही. वंदनानं आमचाच पितळी डबा आमच्या दारात आपटला, तुम्ही पण तशाच निघाल्या म्हणाली, आणि खोलीत जाऊन कडी लावली. सकाळी डब्याचा पोचा स्वतः ठोकून काढला, डबा चिंचेनं घासला, आणून दिला आणि पायावर डोकं ठेवलं. असं वरचेवर व्हायचं. पुढं चतुराबाई आईची मामी झाली, तेही वंदनानंच केलं. आई म्हणलं की मला लै लागतं मंग, असं म्हणाली.

एकदा तिच्या मनगटाला ओढणी गुंडाळलेली दिसली. चतुराबाईनं काही विचारलं नाही. ओळीच्या टोकाला राहणाऱ्या अजमतच्या रिक्षात तिला बसवलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पुढच्या खेपांमध्ये सगळं ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. भावनिक अस्थिरतेचा व्यक्तिमत्त्व विकार. शहागडला कुणी बाहेरची बाधा म्हणत होतं, कुणी माज म्हणत होतं. नाव ऐकून वंदना रिक्षात रडली, पण घरी येऊन जेवली. म्हणाली, नाव हाये म्हणजे आणखी कुणाला तरी हे असंल.

गोळी झोपेपुरती होती. बाकीचं काम तिचं तिलाच करायचं होतं. महिन्याला डॉक्टरबाईंकडं जायचं आणि मधल्या दिवसांसाठी त्यांनी मोबाईलमध्ये एक अ‍ॅप दिलं. मला ते पटलं नव्हतं. ज्या मोबाईलनं तिनं माणसं तोडली, त्याच मोबाईलनं ती जोडणार कशी, असं मी चतुराबाईला म्हणालो. चतुराबाई म्हणाली, तुम्हाला कुठं लावायचंय ते.

अ‍ॅप कसं आहे ते वंदनानं मला दाखवलं. दिवसातून काही वेळा घंटी वाजते. मग विचारतं, ‘आपल्या मनावर आत्ता किती ताण आहे?’ भाषा सरकारी पाटीसारखी. शून्य ते दहाच्या पट्टीवर ठिपका सरकवायचा. राग आला, फोन लावावासा वाटला, तर तांबडं बटण दाबायचं. मग पडद्यावर एक निळा गोल येतो. तो फुगतो तेव्हा श्वास घ्यायचा, आटतो तेव्हा सोडायचा. गोल चालू असेपर्यंत बाहेरचे फोन वाजत नाहीत आणि आतून लावताही येत नाहीत. गोल संपला की तीन प्रश्न. काय घडलं? तुम्हाला काय वाटतं? आणखी काय असू शकतं?

सुरुवातीला ती गोल अर्ध्यात बंद करायची आणि फोन लावायची. मग पुरा करून लावायची. मग कधीकधी लावायची नाही. दुसरा मोबाईल बंद करून ठेवला. यात कित्येक महिने गेले. ओळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. आदळआपट झाली तर लोकांना ऐकू येते. झाली नाही तर काय ऐकू येणार?

आता पंचमीचं.

आमच्या भागात नागपंचमीला लेकी माहेरी जातात. पण आपल्या आपण जात नाहीत. माहेराहून कुणीतरी न्यायला यावं लागतं, बहुतेक भाऊच येतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय गेलेली लेक म्हणजे न बोलावता आलेली. आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात, हाताला मेंदी लावतात आणि दाराकडं बघत बसतात. कुणाचाही जीव त्या दिवशी थोडा खालीवर होतो. वंदनाला तर वाट बघणं हाच आजार होता.

दोन पंचम्या तिला कुणी न्यायला आलं नव्हतं. त्याआधीच्या वर्षी ती गेली होती. कासार अंगणात बसला होता. भावजय ज्योत्स्ना सहज म्हणाली की आधी घरच्या पोरींना भरा. वंदनाला वाटलं, म्हणजे मी घरची नाही. तिनं भाचीसाठी, आकांक्षासाठी, काढून ठेवलेल्या हिरव्या बांगड्या दगडावर आपटल्या आणि उपाशीपोटी हायवेवर चालत सुटली. भाऊ मच्छिंद्र, ज्याचं तिथंच हायवेला पंक्चरचं दुकान आहे, त्यानं तिला ट्रकसमोरून ओढून आणलं. त्यानंतर शंभर फोन, शिव्या, मग माफ्या, मग पुन्हा शिव्या.

यंदा मच्छिंद्रनं आपण होऊन फोन केला. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत न्यायला येतो म्हणाला. एक अट घातली. ती वंदनानं आम्हाला त्याच्याच शब्दांत सांगितली. “वंदी, मी येतो म्हणलं म्हणजे येतो. पण तू फोनवर फोन करू नको. तुझे फोन सुरू झाले की मी समजून जाईन, आन् गाडी माघारी वळवीन.”

त्या दिवशी तिनं सुट्टी काढली. सकाळीच पिशवी भरून दाराशी ठेवली. आकांक्षासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या, त्या कागदात बांधून साडीच्या घडीत घातल्या. मग मेंदीचा कोन घेऊन आमच्याकडं आली. चतुराबाईनं तळहातावर नक्षी काढली. वंदना म्हणाली, बोटं पण भरा, दोन्ही हाताची. अंगठे पण.

“अंगठ्याला कोण एवढी थापतं गं?” चतुराबाई म्हणाली.

“अंगठ्यानंच तर फोन उघडतो, मामी. ओला राह्यला की उघडता येत न्हाई.”

तिची ती युक्ती होती. हात बांधून घेण्यासारखी, पण पंचमीची. चतुराबाईनं अंगठे जाड भरले.

अजमतनं रिक्षा ओळीसमोर लावून ठेवली होती. मच्छिंद्रच्या मोटारसायकलवर पिशवी मावली नाही तर बसस्टँडपर्यंत सोडतो म्हणाला होता. हात वर धरून बसलेली वंदना आणि खिडकीत ठेवलेला मोबाईल बघून तो म्हणाला, “आपा, आज उपास तुमचा हाये का मोबाईलचा?” दोघांचा, असं ती म्हणाली आणि हसली. मच्छिंद्र म्हणाला होता ती दुपार तेव्हा अजून चढायची होती.

दुपार झाली. भाऊ आला नाही.

घंटी वाजली ती अ‍ॅपची. तिचे हात ओले. मला म्हणाली, मामा, तुम्ही करा. तिनं अंगठा पडद्याजवळ नेला नाही, कुलूप उघडायचे आकडे मला सांगितले. पट्टी आली. सात करा म्हणाली. माझं बोट जाड, ठिपका नवावर गेला.

“न्हाई, सात. नऊ असतं तर मी बोलू शकले नसते.”

मी सातावर आणला. मग ती म्हणाली, गोल लावा. मी तांबडं बटण दाबलं. आम्ही दोघं ओट्यावर बसून तो निळा गोल बघत राहिलो. ती श्वास घेत होती, सोडत होती. मीही घेत होतो, दुसरं करणार काय? रेल्वेचं एक इंजिन शिट्टी मारून गेलं. गोल संपला, आणि पडद्यावर वर लिहिलेलं दिसलं. मच्छिंद्र दादा, दोन मिस्ड कॉल.

गोल चालू असताना फोन वाजत नाही, हे आम्हाला माहीत होतं. तिनं आपले हात बांधले, कान बांधले, आणि नेमका त्याच वेळी भाऊ फोन करत होता.

तिचा चेहरा उतरत गेला. मी म्हणालो, माझ्या फोनवरून लावू का. ती एकदम म्हणाली नको. मग हळू म्हणाली, “तुमच्या फोनवरून लावला तर ते दुसऱ्या नंबरवरून लावल्यासारखंच झालं, मामा.”

पडद्यावर पहिला प्रश्न आला होता. मी वाचला. काय घडलं? ती म्हणाली, दादाचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. ते मी टाईप केलं, वेळ लागला. तुम्हाला काय वाटतं? तिनं मेंदीचे हात उलटसुलट केले. मग म्हणाली, “त्याला मी नको हाये. ते सांगायलाच केल्ता त्यानं.” तेही टाईप केलं. आणखी काय असू शकतं?

“गाडी पंक्चर झाली असंल,” ती म्हणाली. “पंक्चरवाल्याचीच.”

तिनं ठरवलं. त्यानं फोन केला म्हणून आपण एकदा करायचा. उचलला तर बोलायचं. नाही उचलला तर दुसरा करायचा नाही. हे तिनं मला नव्हे, मोठ्यानं स्वतःला सांगितलं. मग खिडकीच्या कडेवर अंगठ्याची मेंदी खरवडली. आत फिकट नारिंगी रंग आला होता. नंबर लावला, फोन कानाला न लावता समोर धरला. पलीकडं घंटी वाजत राहिली, पुरी वाजली आणि थांबली. उचलला नाही.

तिनं मोबाईल पालथा खिडकीत ठेवला.

तापलेली सळई चिमट्यात धरून वळवताना माणसाचे दंड फुगलेले दिसतात. बघणाऱ्याला कळतं की जोर लागतोय. वंदना त्या दुपारी काहीच करत नव्हती. दारात बसली होती, हात गुडघ्यावर उताणे. पण तिचा ब्लाउज पाठीवर भिजून काळा झाला होता, आणि पायाचा अंगठा फरशीवर असा दाबलेला होता की नख पांढरं पडलं होतं. मी आयुष्यभर जड काम केलंय. हे जड होतं.

चतुराबाईला राहवलं नाही. अगं लाव की आणखी एक, त्यानं काय होतंय, कामात असंल, असं म्हणाली. वाईट हेतू नव्हता.

“मामी, दुसरा लावला की मंग मला थांबता येत न्हाई. मला माहीत हाये ना.”

अजमतनं एक सवारी घेतली, सोडून परत आला. रिक्षा पुन्हा तिथंच लावली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. मेंदी वाळून तिच्या मांडीवर झडायला लागली. फोन वाजला नाही आणि तिनं तो उलटून बघितलाही नाही. एकदा उठली, थंड पाण्याचा तांब्या तोंडावर ओतला, पुन्हा येऊन बसली. ते पण अ‍ॅपमधलंच होतं.

मोटारसायकलचा आवाज आला तो वेड्यासारखा पळवलेल्या गाडीचा. मच्छिंद्रनं ती स्टँडला लावली नाही, भिंतीला रेलवली. हाताला ग्रीस, शर्टावर धूळ. आमच्या ओळीत शिरतानाच ओरडला, “वंदी!” मयताच्या घरी शिरतात तसा आवाज.

ती दारातच बसलेली दिसली. तो तिच्यासमोर आला आणि सगळ्यात आधी म्हणाला, “हात बघू.”

तिनं हात पुढं केले. त्यानं ते धरून उलटे केले. मनगटं बघितली. जुना व्रण होता, नवीन काही नव्हतं. मग तो पायरीवर खाली बसला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

“एकच फोन आला तुझा,” तो म्हणाला.

“हां.”

“दुसरा काहून न्हाई केला?”

“तूच म्हणला व्हता.”

“मला वाटलं...”

चतुराबाईनं पाणी दिलं. ते पिऊन त्यानं आपण होऊन सांगितलं. ज्योत्स्ना तयार नव्हती. घरात दोन दिवस भांडण होतं. तरी तो निघाला. वडीगोद्रीपर्यंत आला आणि फाट्यावर थांबला. यंदा राहू दे, पुढं बघू, एवढं सांगायला त्यानं फोन केला. तिनं उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मग त्यानं गाडी माघारी वळवली. दुकानापाशी पोचला तोवर तिचा फोन आला. त्यानं वाजू दिला. आता रांग लागणार, हे त्याला माहीतच होतं. मोबाईल हातात धरून दुसऱ्या फोनची वाट बघत बसला, आला की चार शब्द सुनवायचे म्हणून. तो आला नाही. गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता तेव्हा त्याला वाटलं, आपल्या बहिणीनं आजवर कधी एक फोन करून सोडलेलं नाही. ट्यूब तशीच टाकून निघाला.

अजमत रिक्षाच्या काचेवरून फडकं फिरवत होता, ती आधीच पुसलेली होती.

मच्छिंद्र उठला. पिशवीकडं बघून म्हणाला, “चल मंग. आलोच हाये तर.”

वंदना उठली नाही. “वहिनीला माहीत हाये?”

“सांगतो की रस्त्यानं.”

“म्हणजे न्हाई.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही. हे तिचं होतं. पिशवी तिच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर होती. दोन वर्षं ती याच एका गोष्टीसाठी झिजली होती. भाऊ दारात होता. एवढं पुरेसं होतं, कुणीही उठलं असतं.

“दादा, तू मला न्यायला आला न्हाईस,” ती म्हणाली. “मी मेले का बघायला आला.”

आवाज चढला नाही. त्यात टोमणाही नव्हता. त्यानं मान खाली घातली.

“आत्ता आले तर वहिनी दारात एक शब्द बोलतील. आन् मी अजून तेवढी घट्ट न्हाई झाले. कालपर्यंत मला वाटायचं झाले. न्हाई झाले.” मग म्हणाली, “दोघं मिळून बोलवा. मंग ये.”

मुराळ्याला उपाशी पाठवत नाहीत. वंदनाचा उपास होता, तरी तिनं शेगडी पेटवली आणि त्याला दोन भाकरी करून वाढल्या. मेंदीचा वास भाकरीला लागला असणार. त्यानं पूर्ण जेवण केलं, ताटात पाणी ओतून उठला. तिनं पिशवी उघडली, साडीची घडी सोडली आणि बांगड्यांचा कागद त्याच्या हातात दिला. आकांक्षाला दे, त्या वर्षीच्या हायेत म्हण.

गाडीवर बसताना तो म्हणाला, दिवाळीला बघू काहीतरी.

“दिवाळीचं नको बोलू. तू बोलला की मी आत्तापासून वाट बघत बसंन.”

तो गेला. कोपऱ्यावरून गाडीचा आवाज वळला तोवर ती उभी होती. अजमतनं विचारलं, पिशवी आत ठेवू का आपा. तिनं मान हलवली. त्यानं ठेवली आणि रिक्षा घेऊन स्टेशनकडं गेला. चतुराबाईनं इकडंच जेव म्हटलं, तर उपास आहे म्हणाली. तो खराच होता, त्यामुळं आग्रह करता आला नाही.

दिवेलागणीला तिचा फोन वाजला. मी ओट्यावरच होतो. तिनं उचलला. पलीकडून काय बोललं ते ऐकू आलं नाही. ती “बरं” म्हणाली, एवढंच. मग दारात येऊन मला सांगितलं, “दादा पोचला म्हणून सांगत व्हता, मामा. मला असं कुणी कधी सांगत न्हाई.”

आत गेली. तिनं दिवा लावला नव्हता. थोड्या वेळानं उघड्या दारातून दिसलं, आतल्या भिंतीवर निळा उजेड मोठा होत होता, लहान होत होता. भावाला लगेच पुन्हा फोन लावावासा वाटत असणार. किंवा रडू येत असेल. मी विचारलं नाही. त्या गोलासमोर आता ती एकटीच होती, ठिपका सरकवायला माझी गरज नव्हती.

पंचमीला कंपनी चालू होती. ती कामावर गेली. मेंदी फार गडद रंगली होती, अंगठे तर काळपट लाल, एक तेवढा फिका. टेबलावरच्या बायकांनी विचारलं म्हणे, माहेराहून इतक्या जल्दी आलीस. गेलेच न्हाई, असं सांगून ती दाणे वेचत बसली. संध्याकाळी चतुराबाईनं पुरणाची दिंडं उकडली होती, ती ताटलीत घालून शेजारी दिली. तिनं सगळी खाल्ली आणि ताटली धुऊन परत आणून दिली.

पिशवी खुंटीला आहे. साडी अजून तिच्यातच आहे.